गिरिभ्रमण

गिरिभ्रमण : डोंगराळ वा पर्वतीय प्रदेशात निसर्गदर्शन, स्थलदर्शन व मनोरंजन या हेतूंनी पायी केलेला एक वा अनेक दिवसांचा प्रवास. डोंगरयात्रा, पदभ्रमण व दुर्गभ्रमण हे शब्दही कमी-अधिक फरकाने याच अर्थी रूढ आहेत. बोलण्यात ‘ट्रेक’ हा शब्द सर्रास वापरला जातो. मूळ डच असलेला हा शब्द दक्षिण आफ्रिकेतील बोअर लोकांच्या बैलगाड्यांच्या दीर्घ प्रवासावरून इंग्रजीत आला आणि तेथून मराठीत रुळला. गिरिभ्रमण व गिर्यारोहण यांत भेद केला जातो. दोर, मेखा इ. साधनांचा वापर करून कडे, सुळके किंवा हिमशिखरे चढणे हे गिर्यारोहण. तर मुख्यतः पायवाटेने, सामान्य प्रकृतीच्या माणसास झेपेल अशा चढ-उतारांवरून चालत जाणे हे गिरिभ्रमण होय [⟶ गिर्यारोहण]. थंड हवेच्या ठिकाणी जाऊन राहणे यापासूनही ते वेगळे आहे. कारण त्यात मुक्कामापेक्षा वाटेस अधिक महत्त्व असते.

पूर्वपीठिका : डोंगर पायी ओलांडणे ही गोष्ट महाराष्ट्रास नवीन नाही. कोकणातील बंदरे आणि देशावरील बाजारपेठा यांमध्ये सह्याद्रीची सलग भिंत उभी असल्यामुळे घाटवाटांनी माल व माणसे यांची ये-जा प्राचीन काळापासून चालू होती. जुन्नर व कल्याण यांना जोडणारा नाणेघाट हे तिचे ठळक उदाहरण होय. या घाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिच्याशी संबंधित ब्राह्मी कोरीव लेख असून भारतातील प्राचीन अंकचिन्हांच्या अभ्यासात त्यास महत्त्वाचे स्थान आहे. घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकातीच्या द्रव्यासाठी होता, असे परंपरेने मानले जाते. थळ, बोर, वरंध, कुंभार्ली, आंबा, फोंडा या घाटांतून पुढे गाडीरस्ते झाले. परंतु शेकडो लहान घाटवाटा पाऊलवाटाच राहिल्या आणि आज गिरिभ्रमण करणाऱ्यांची पावले प्रामुख्याने त्यांवरूनच पडतात.

दुसरी परंपरा धार्मिक यात्रेची. महानुभाव पंथातील ‘अटन’, सुमारे २,६०० किमी. लांबीची नर्मदा परिक्रमा आणि पंढरपूरची वारी ही तिची रूपे होत. आळंदीहून निघणारी ज्ञानेश्वरांची पालखी सु. २५० किमी. अंतर तीन आठवड्यांच्या आत-बाहेर चालून आषाढी एकादशीस पंढरपुरास पोहोचते. वाटेत दिवे घाटाची चढण लागते. पालखी सोहळ्यास आजचे शिस्तबद्ध रूप एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी दिले. दिंडीचा क्रम, ठरलेले तळ, सामान पुढे नेण्याची सोय, वृद्ध व अशक्तांना सांभाळून घेण्याची रीत या गोष्टी पाहिल्या, तर मोठ्या समूहाने दीर्घ पायी प्रवास कसा करावा याचे ज्ञान मराठी समाजात अगोदरपासून मुरलेले होते, हे ध्यानात येते. यात्रेकरूस देव गाठावयाचा असतो व गिरिभ्रमण करणाऱ्यास प्रदेश पाहावयाचा असतो, हा हेतूंतील फरक मात्र मूलभूत आहे.

केवळ आनंदासाठी डोंगरात चालण्याची कल्पना युरोपात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात व एकोणिसाव्या शतकात वाढीस लागली. इंग्लंडमधील सरोवर प्रदेशाचे कवी वर्ड्‌स्वर्थ याने केलेले वर्णन १८१० मध्ये प्रसिद्ध झाले. १८५७ मध्ये लंडन येथे अल्पाइन क्लबची स्थापना झाली. जर्मनीत १९०१ च्या सुमारास ‘वांडरफोगेल’ ही युवकांची पदभ्रमण चळवळ सुरू झाली. रिखार्ट शिर्मान या शिक्षकास १९०९ मध्ये युवक-वसतिगृहाची कल्पना सुचली आणि आल्टेना येथील जुन्या किल्ल्यात असे कायम वसतिगृह उघडण्यात आले. इंग्लंडमध्ये डोंगरावर चालण्याचा हक्क हा सामाजिक प्रश्नही ठरला. कारखान्यांतील कामगारांनी १९३२ मध्ये किंडर स्काउट या खाजगी मालकीच्या पठारावर सामुदायिक प्रवेश केला. पुढे १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्याने व ग्रामीण भागातील प्रवेश यांसंबंधीचा कायदा झाला आणि १९६५ मध्ये पेनाइन डोंगररांगेतून जाणारी दीर्घ पायवाट खुली झाली. अमेरिकेतील ॲपालॅचिअन ही सु. ३,५०० किमी. लांबीची पायवाट १९३७ मध्ये पूर्ण झाली होती. नेपाळात जिमी रॉबर्ट्‌स या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने १९६४ मध्ये संस्था स्थापून हिमालयातील गिरिभ्रमणास व्यवसायाचे स्वरूप दिले.

महाराष्ट्रातील विकास : ब्रिटिश अमदानीत महाबळेश्वर व माथेरान ही थंड हवेची ठिकाणे वसविण्यात आली. माथेरानचा शोध ठाण्याचा जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट याने १८५० मध्ये लावला. नेरळ–माथेरान लोहमार्ग १९०७ मध्ये झाला. मोटारगाड्यांना मज्जाव असल्यामुळे तेथे पायी फिरण्याची प्रथा टिकून राहिली. तथापि या ठिकाणी फिरणे म्हणजे बव्हंशी आखलेल्या रस्त्यांवरून ठरावीक ‘पॉइंट’ पाहणे होय. मराठी गिरिभ्रमणाची खरी प्रेरणा किल्ल्यांतून आली. छत्रपती शिवाजी महाराजांच्या चरित्राशी निगडित असलेले गड प्रत्यक्ष पाहावेत, या ओढीने विसाव्या शतकात अनेक शिक्षक, विद्यार्थी व इतिहासप्रेमी सह्याद्री हिंडू लागले. गो. नी. दांडेकर (१९१६–९८) यांनी स्वतः गडोगडी भटकून केलेल्या लेखनाने ही आवड सामान्य वाचकांपर्यंत पोहोचविली. प्र. के. घाणेकर, आनंद पाळंदे, हरीश कापडिया इत्यादींनी वाटा, अंतरे, पाणवठे यांची तपशीलवार माहिती ग्रंथरूपाने उपलब्ध करून दिली. त्यामुळे ‘गड पाहणे’ याचे रूपांतर ‘डोंगररांग समजून घेणे’ यात होऊ लागले.

एव्हरेस्टवरील १९५३ च्या यशस्वी चढाईनंतर दार्जिलिंग येथे हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट (१९५४) आणि उत्तरकाशी येथे नेहरू माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट (१९६५) या संस्था निघाल्या. त्यांत शिकून आलेल्या तरुणांनी मुंबई, पुणे, नाशिक आदी शहरांत मंडळे स्थापन केली. पुण्याची ‘गिरिप्रेमी’ (१९८२) व मुंबईतील मुलुंडची ‘चक्रम हायकर्स’ (१९८३) ही त्यांपैकी ठळक उदाहरणे होत. चक्रम हायकर्सच्या ‘सह्यांकन’ मोहिमेसारख्या उपक्रमांतून अनेक दिवसांची सलग डोंगरयात्रा नवशिक्यांच्या आवाक्यात आली. पन्हाळा ते विशाळगड या मार्गावर, १६६० सालच्या जुलै महिन्यातील पावनखिंडीच्या प्रसंगाच्या स्मरणार्थ, भर पावसात दरवर्षी पदयात्रा निघते. इतिहासस्मरण व गिरिभ्रमण यांचा असा संगम हे मराठी गिरिभ्रमणाचे वैशिष्ट्य म्हणता येईल.

भूरचना व वाटा : महाराष्ट्रातील सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी झालेल्या ज्वालामुखी उद्रेकांतील लाव्ह्याच्या थरांनी बनलेला आहे. बेसाल्टचे कठीण थर व त्यांमधील मृदू थर एकावर एक आडवे पसरलेले आहेत. कठीण थरांचे उभे कडे होतात, तर मृदू थर झिजून त्यांचे उतार व सपाट पट्टे बनतात. यामुळे डोंगराची बाजू पायऱ्यापायऱ्यांची दिसते. चालणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की झाडीचा उतार, मग कातळटप्पा, मग सपाटी, पुन्हा उतार असा क्रम वारंवार येतो. आणि कातळटप्प्यात जेथे फट वा घळ असेल, तेथूनच वाट जाते. ती एक जागा चुकली, तर डोंगर समोर दिसत असूनही वर जाता येत नाही.

या भूरचनेतील प्रत्येक घटकास डोंगरी लोकांच्या भाषेत स्वतंत्र नाव आहे व ते गिरिभ्रमण करणाऱ्यांनी जसेच्या तसे स्वीकारले आहे. मुख्य रांगेपासून निघून खाली उतरत गेलेला लांब उंचवटा म्हणजे ‘सोंड’ किंवा ‘दांड’. दोन्ही बाजूंस उतार असलेला अरुंद माथा म्हणजे ‘धार’. दोन उंचवट्यांमधील खोलगट जागा म्हणजे ‘खिंड’. कड्यातील उभी, दगडधोंड्यांनी भरलेली चीर म्हणजे ‘नाळ’. मधल्या उंचीवरील सपाट पट्टा म्हणजे ‘पदर’. सुट्या मुरमाचा निसरडा उतार म्हणजे ‘घसारा’. आणि खडकातील आरपार भोक म्हणजे ‘नेढे’. रतनगडावरील व राजगडाच्या सुवेळा माचीवरील नेढी प्रसिद्ध आहेत. माणसांची पाऊलवाट व गुरांची ढोरवाट यांतील फरक ओळखणे हे नवशिक्यास सर्वांत अवघड जाते. ढोरवाटा अनेक फुटतात आणि चरणीपाशी वा पाण्यापाशी संपतात. गावाची वाट मात्र बहुधा एकाच दिशेने सलग जाते आणि तिच्यावरील दगड पावलांनी गुळगुळीत झालेले असतात.

प्रमुख प्रदेश : नाशिक जिल्ह्याच्या उत्तरेस सेलबारी–डोलबारी रांगेत साल्हेर (१,५६७ मी.) हा राज्यातील सर्वाधिक उंचीचा किल्ला आहे. त्याच्या दक्षिणेस सातमाळा रांग व त्र्यंबक परिसरातील किल्ले येतात. त्यांपैकी हरिहरच्या कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्या विशेष प्रसिद्ध आहेत. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) व नाशिक जिल्ह्यांच्या सीमेवर कळसूबाई (१,६४६ मी.) हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर असून बारी गावाहून त्यावर जाणारी वाट लोखंडी शिड्यांमुळे सुकर झाली आहे. जवळच अलंग, मदन व कुलंग हे अवघड दुर्गत्रिकूट आहे. दक्षिणेस हरिश्चंद्रगडावर (सु. १,४२४ मी.) पाचनई, खिरेश्वर–टोलार खिंड, नळीची वाट अशा परस्परांहून अत्यंत भिन्न कठीणपणाच्या वाटांनी जाता येते. त्याचा कोकणकडा आत वळलेल्या अंतर्वक्र आकारामुळे प्रसिद्ध आहे. तेथे खालच्या धुक्यावर पाहणाऱ्याची सावली व तिच्याभोवती वर्तुळाकार इंद्रधनुष्य, म्हणजे ‘इंद्रवज्र’, क्वचित दिसते. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याची नोंद केली होती.

पुणे व रायगड जिल्ह्यांत भीमाशंकर, लोहगड–विसापूर, राजमाची, राजगड, तोरणा, रायगड ही केंद्रे येतात. राजगडावरून तोरण्यास धारेने जाणारी वाट आणि तेथून पुढे कोकणात उतरून रायगडापर्यंतची वाट हे अनेक दिवसांच्या गिरिभ्रमणाचे उत्तम नमुने होत. सातारा व कोल्हापूर जिल्ह्यांत अरण्य अधिक दाट आहे. वासोट्यास बामणोलीहून कोयनेच्या शिवसागर जलाशयातून होडीने जावे लागते व वन विभागाची परवानगी लागते. त्याच दिवशी परतणे आवश्यक असते. पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांत महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली व राधानगरी ही आहेत. २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले त्याच यादीत आले. त्यांत साल्हेर, शिवनेरी, लोहगड, राजगड, रायगड, प्रतापगड व पन्हाळा हे गिरिभ्रमणाशी निकट संबंध असलेले गड आहेत.

पठारी प्रदेश व सोलापूर : गिरिभ्रमणाचा विचार सामान्यतः मुंबई–पुण्याच्या रहिवाशांस समोर ठेवून केला जातो. पठारावरील शहरांची स्थिती निराळी आहे. सोलापूर समुद्रसपाटीपासून सु. ४५० मी. उंचीवरील सपाट, अवर्षणप्रवण भागात वसले आहे. महाबळेश्वरी वर्षाकाठी सु. ६०० सेंमी. पाऊस पडतो, तर सोलापुरात साधारणतः ६० ते ७५ सेंमी. शुक्रवार पेठेसारख्या जुन्या वस्तीत वाढलेल्या व्यक्तीस डोंगर पाहण्यासाठी घाटमाथ्यापर्यंत सु. २५० किमी. किंवा त्याहून अधिक प्रवास करावा लागतो. शनिवारी रात्री रेल्वेने वा मोटारीने निघून रविवारी पहाटे डोंगर चढावयाचा, सायंकाळी उतरून सोमवारी पुन्हा कामावर हजर व्हावयाचे, असा क्रम सर्रास दिसतो. दोन रात्रींची अपुरी झोप व मधला कष्टाचा दिवस यांमुळे उतरताना पाय घसरण्याचा आणि परतीच्या प्रवासात चालकास डुलकी लागण्याचा धोका वाढतो. दूरच्या गावाहून येणाऱ्यांनी आदल्या दिवशी पायथ्याशी मुक्काम करणे वा तीन दिवसांची मोहीम आखणे हेच श्रेयस्कर होय. सपाटीवर चालण्याची सवय चढणीस पुरत नाही. म्हणून निघण्यापूर्वी पाच-सहा आठवडे पाठीवर ओझे घेऊन जिने वा बंधाऱ्याचे चढ चढण्याचा सराव करावा.

सोलापूरच्या परिसराचा सह्याद्रीशी असलेला संबंध मात्र केवळ रेल्वेमार्गाचा नाही. हरिश्चंद्रगडापाशी मुख्य रांगेपासून फुटणारी हरिश्चंद्र–बालाघाट रांग आग्नेयीस बीड व धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) या जिल्ह्यांतून येते व तिचे ठेंगणे फाटे बार्शी तालुक्याच्या सीमेस भिडतात. गोदावरी व भीमा यांच्या खोऱ्यांची ही जलविभाजक रांग होय. येडशीजवळील रामलिंगच्या घाटात पावसाळ्याच्या अखेरीस झाडी, ओढे व धबधबा पाहत एका दिवसाची सोपी फेरी करता येते. पश्चिमेकडील माळशिरस–सांगोल्याकडे शंभु महादेवाच्या रांगेचे फाटे पोहोचतात. त्याच रांगेवरील शिखर शिंगणापूर (सातारा जिल्हा) येथे चैत्रातील यात्रेत भाविक पाण्याच्या कावडी खांद्यावर घेऊन अत्यंत खड्या मुंगी घाटाने चढतात. खाली-वर उभ्या राहिलेल्या माणसांनी एकमेकांस हात देत कावड वर चढविण्याची ही पद्धत सामुदायिक आरोहणाचे जुने व पाहण्यासारखे उदाहरण आहे. शहराच्या पूर्वेस सु. ४५ किमी. वरील नळदुर्गाची तटबंदी व बोरी नदीवरील बांधातील पाणीमहाल (१६१३) पाहण्यासाठी दिवसभराची पायपीट पुरते. नान्नज येथील माळढोक अभयारण्यात (स्थापना १९७९) डोंगर नाहीत. पण खुल्या माळरानावर काळवीट, लांडगा व गवताळ प्रदेशातील पक्षी यांचे निरीक्षण परवानगीने व ठरवून दिलेल्या मर्यादेत राहून करता येते. माळढोकाचे दर्शन आता अत्यंत दुर्मिळ झाले आहे. प्रारंभिक सराव व निरीक्षणाची सवय यांसाठी हे परिसर उपयुक्त असून त्यांकडे दुर्लक्ष होते.

ऋतू : नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत अनुकूल असतो. हवा स्वच्छ, गवत वाळलेले व टाक्यांत पाणी भरलेले असते. जून ते सप्टेंबरमध्ये डोंगराचे सौंदर्य शिगेस पोहोचते. पण धुके, शेवाळ, फुगलेले ओढे व दरडी यांमुळे धोकाही तितकाच असतो. ऑगस्टच्या उत्तरार्धापासून कासच्या पठारावर व घाटमाथ्यावर तेरडा, सोनकी आदी फुलांचे सडे पडतात. कारवी सुमारे सात वर्षांतून एकदा एकाच वेळी फुलते व त्या वर्षी डोंगरउतार जांभळे दिसतात. मार्चनंतर पाणवठे आटू लागतात, वणवे लागतात व उष्माघाताचे प्रमाण वाढते. सोलापुरात उन्हाळ्यातील तपमान ४०° से. च्या वर जात असल्यामुळे तेथील रहिवाशांस उष्णतेची सवय असते. परंतु कोकणाकडील उतारांवरील दमट उष्म्यात घाम वाळत नाही, म्हणून त्या सवयीवर विसंबणे योग्य नाही.

नियोजन व साहित्य : चालण्यास लागणारा वेळ काढण्यासाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ याने १८९२ मध्ये सांगितलेला ठोकताळा उपयोगी पडतो. त्याचे मेट्रिक रूप असे : दर ५ किमी. अंतरास एक तास व दर ६०० मी. चढास आणखी एक तास. बारी ते कळसूबाई शिखर हे अंतर सु. ६ किमी. व चढ सु. ८५० मी. धरल्यास अडीच ते पावणेतीन तास लागतील, असे उत्तर येते. हा हिशोब सराव असलेल्या व न थांबणाऱ्या माणसाचा आहे. मिश्र गटास विश्रांती धरून साडेतीन ते चार तास लागतात. गटाची गती सर्वांत हळू चालणाऱ्याच्या गतीएवढी असते, हे सूत्र धरूनच वेळापत्रक आखावे. हिवाळ्यात सायंकाळी सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो. म्हणून माथा गाठलेला असो वा नसो, परत फिरण्याची वेळ निघतानाच ठरवून ती पाळावी.

माणशी किमान तीन ते चार लिटर पाणी, शिजवावे न लागणारे अन्न (गूळ, शेंगदाणे, खजूर, दशम्या, फळे), लिंबू–मीठ–साखर, पकड असलेले बूट, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, टोपी, विजेरी, शिट्टी, प्रथमोपचार पेटी व सुमारे २० मी. दोर एवढे साहित्य पुरेसे असते. पावसाळ्यात सुती कपडे वाळत नाहीत. तेव्हा लवकर वाळणारे कृत्रिम धाग्याचे कपडे व कोरडा जोड जवळ ठेवावा. पाठीवरील ओझे वजनाच्या एक-पंचमांशापेक्षा अधिक नसावे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १ : ५०,००० प्रमाणाचे स्थलनिर्देशक नकाशे व होकायंत्र यांचा वापर आता भ्रमणध्वनीवरील नकाशांमुळे मागे पडला आहे. तथापि दऱ्यांत संपर्क तुटतो, विद्युत्‌घट संपतो आणि पडद्यावरील रेषा कातळटप्पा दाखवीत नाही. म्हणून समोच्च रेषा वाचण्याचे कौशल्य आजही आवश्यक आहे.

धोके व सुरक्षितता : सह्याद्रीची उंची १,६५० मी. च्या आत असल्याने तेथे उंचीचे आजार होत नाहीत. सामान्यतः २,५०० मी. च्या वर, म्हणजे हिमालयात, त्यांचा विचार करावा लागतो. सह्याद्रीतील अपघातांची कारणे साधी असतात : वाट चुकणे, घसरणे, पाण्याचा तुटवडा, ओढ्याचे अचानक वाढलेले पाणी व कड्याच्या काठावर छायाचित्रे काढण्याचा मोह. वाट चुकल्याचे लक्षात आल्यास नाळेतून वा ओढ्याच्या पात्रातून खाली उतरत राहणे हा सर्वांत घातक मार्ग होय. कारण पदर संपताच ओढा कड्यावरून कोसळतो व पुढे जाणे व मागे फिरणे दोन्ही अशक्य होते. शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे जावे, तेही न जमल्यास एकत्र एका जागी थांबावे.

कड्यांवरील आग्यामोहोळ हा आणखी एक गंभीर धोका आहे. धूर, उग्र अत्तरे व आरडाओरडा यांमुळे मधमाश्या चवताळतात. फुरसे, घोणस, नाग व मण्यार हे विषारी साप तसेच हिरवा चापडा सह्याद्रीत आढळतात. सर्पदंश झाल्यास जखम कापणे, चोखणे वा घट्ट आवळपट्टी बांधणे टाळून तो अवयव स्थिर ठेवावा व रुग्णास न चालविता, शक्य तितक्या लवकर प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. अपघातग्रस्तांच्या सुटकेसाठी गिर्यारोहण संस्थांच्या स्वयंसेवकांनी ‘महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर’ ही समन्वय यंत्रणा उभी केली आहे. राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर करून मोहिमा नेणाऱ्या संस्थांची नोंदणी, प्रशिक्षित नेते व सुरक्षिततेचे नियम यांची तरतूद केली. समाजमाध्यमांवरून माणसे जमवून, अनुभवी नेत्याविना नेल्या जाणाऱ्या मोठ्या गटांमुळे या नियमांची गरज अधिक जाणवू लागली.

स्थानिक समाज : सह्याद्रीचे पायथे व पदर येथे महादेव कोळी, ठाकर, कातकरी, गवळी धनगर इ. समाजांची वस्ती आहे. ज्या वाटांनी गिरिभ्रमण केले जाते, त्या गुरे चारण्यासाठी, बाजारास जाण्यासाठी व देवदर्शनासाठी याच लोकांनी राखलेल्या आहेत. ज्या वस्त्यांना रस्ते झाले, त्यांच्या घाटवाटा वापराअभावी रानात बुजत चालल्या असून त्या दाखवू शकणारे वृद्ध वाटाडेही कमी होत आहेत. अपघात घडल्यास जखमीस डोलीतून खाली आणण्यास प्रथम धावतात तेही गावकरीच. जेवण, मुक्काम, वाटाड्याचे काम यांतून अनेक वाड्यांना हंगामी उत्पन्न मिळते. गावातील वाटाड्यास सोबत घेणे व त्यास योग्य मोबदला देणे हे सुरक्षिततेच्या व न्यायाच्या, दोन्ही दृष्टींनी इष्ट आहे.

गिरिभ्रमण करणाऱ्यास जो डोंगर एका दिवसाचा आनंद देतो, त्याच्या सावलीत या लोकांना बारमाही राहावे लागते. कातळावरील झिजलेल्या मातीचा थर अतिवृष्टीने भिजून घसरला, की खालच्या वस्त्या गाडल्या जातात. पुणे जिल्ह्यातील माळीण (३० जुलै २०१४) व रायगड जिल्ह्यातील तळिये (२२ जुलै २०२१) येथे असे घडले. खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी ही ठाकर वस्ती गडावर जाणाऱ्यांचा नेहमीचा थांबा होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले व ५७ जण बेपत्ता राहिले. वाडीपर्यंत मोटाररस्ता नसल्याने मदतीची पथके पावसात डोंगर चढून गेली. यंत्रे वर नेता न आल्याने राडारोडा हातांनी उपसावा लागला. गिर्यारोहण संस्थांचे कार्यकर्तेही त्या कामात सहभागी झाले. ज्या पायवाटेचे दुर्गमपण सुटीच्या दिवशी आकर्षक वाटते, तेच दुर्गमपण तेथे राहणाऱ्यांस किती महाग पडते, हे या घटनेने दाखवून दिले.

पर्यावरण व निर्बंध : गर्दीचे परिणाम लोकप्रिय गडांवर स्पष्ट दिसतात. वाटा रुंदावून मातीची धूप होते, टाक्यांतील पिण्याचे पाणी आंघोळी व भांडी धुण्याने दूषित होते, प्लॅस्टिक साचते आणि तटबंदीवर नावे कोरली जातात. कातळात खोदलेली टाकी ही गडावरील एकमेव बारमाही जलव्यवस्था असते. ती एकदा बिघडली, की पुढील पावसाळ्यापर्यंत सुधारत नाही. हरिश्चंद्रगड–कळसूबाई, भीमाशंकर, कोयना आदी क्षेत्रे अभयारण्ये असल्याने तेथे शेकोटी, ध्वनिवर्धक, मद्यपान व परवानगीविना मुक्काम यांवर बंदी आहे. भीमाशंकरचे अरण्य शेकरू या राज्यप्राण्याच्या संरक्षणासाठी राखलेले आहे. कास येथे फुलांच्या हंगामात प्रवेशसंख्या मर्यादित करण्यात येते व प्रवेशशुल्क भोवतालच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांमार्फत गोळा केले जाते. ही पद्धत इतर ठिकाणांसही मार्गदर्शक ठरावी अशी आहे. पावसाळ्यात धोकादायक धबधबे व गडवाटा यांवर जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने तात्पुरती बंदी घातली जाते.

काही गडांवर पायऱ्या, कठडे व शिड्या बसविण्यात आल्या आहेत. रायगडावर १९९६ पासून रज्जुमार्ग आहे. त्यांमुळे वृद्ध व अपंग यांना गड पाहता येतो, हा मोठा लाभ होय. मात्र प्रत्येक डोंगर असा सुलभ करणे योग्य की काही वाटा मूळ स्थितीत राखाव्यात, याविषयी जाणकारांत मतभेद आहेत. आपला कचरा परत आणणे, पाणवठा न बिघडविणे, लहान गट करणे आणि रुळलेली वाट न सोडणे, एवढे नियम सर्व संस्था आपल्या सदस्यांस सांगतात. कोणत्याही साधनाशिवाय व कोणत्याही खर्चाशिवाय पाळता येतील असे हे नियम असून सह्याद्रीच्या वाटा पुढील पिढीस चालण्याजोग्या राहणे बव्हंशी त्यांवरच अवलंबून आहे.